सावरखडीची पुसाई

ऐका तर. सावरखडीला तेव्हा वेस होती, वेशीला दार होतं आणि दाराला आतून अडसर होता, एवढी जुनी ही गोष्ट. माळावरचं गाव. वर आभाळ, खाली खडक आणि मधे मेंढरं. घराघरात घोंगड्यांचा माग होता. बायांच्या हातात दिवसभर चाती फिरायची, म्हणजे लोकर कातायची ती लाकडी फिरकी. बाई पाण्याला निघाली तरी कातत निघायची आणि भांडायला उभी राहिली तरी कातत भांडायची.

या गावात एक बाई होऊन गेली. ती सुईण नव्हती. तिला झाडपाला कळत नव्हता. तिच्या अंगात येत नव्हतं. तिनं फक्त विचारलं. आमच्या भागात विचारण्याला पुसणं म्हणतात, म्हणून तिचं नाव पडलं पुसाई. घरचं नाव गोजरा.

गोजराचा बाप पाणाडी होता. जमिनीखाली पाणी कुठं आहे हे सांगत गावोगाव फिरायचा. लोकांना वाटायचं, हा तळहातावर नारळ धरतो, नारळ उभा राहतो आणि तिथं पाणी लागतं. पण नारळ हातात घ्यायच्या आधी तो सगळं गाव पालथं घालायचा. म्हाताऱ्यांना विचारायचा, उन्हाळ्यात गवत कुठं शेवटपर्यंत हिरवं असतं? गुराख्यांना विचारायचा, दुपारची गुरं कुठं बसतात? आणि कोणाची विहीर कोरडी निघाली असेल तर त्याच्या दारात सगळ्यात आधी जायचा. लोक हसायचे. तो म्हणायचा, "पाणी कुठं न्हाई ते त्यालाच ठावं."

गोजरा लहानपणी बापाबरोबर हिंडली. ती सवय तिच्या अंगात मुरली. लग्न होऊन सावरखडीला आली, तेव्हा पहिल्या आठवड्यातच तिनं विचारलं की आपल्या घोंगडीला काळाच काठ का असतो. सासूला सांगता आलं नाही. दुसऱ्या आठवड्यात तिनं विचारलं की वेशीचं दार रात्री कशाला लावतात, भिंत तर मागून पडलेलीच आहे. सासू सोनाक्का शेजारणीला म्हणाली, "सून आणली का कोतवाल आणला, कळंना."

नवरा सिदबा मात्र खूश होता. तो मागावर बसायचा आणि ती खाली बसून कातायची. तिचे प्रश्न ऐकत त्याचा दिवस सरायचा.

पुढं गोजराला दिवस राहिले. आणि तिथून खरी गोष्ट सुरू होते.

ओढ्यापलीकडच्या कसब्यात नरहरशास्त्री राहायचे. पंचांगही तेच बघायचे आणि औषधही तेच द्यायचे. माणूस चांगला. कोणी हाक मारली तर तट्टावर बसून उन्हातान्हात यायचे. त्यांच्याकडे वडिलांपासून चालत आलेली एक काळी गोळी होती. कशाची करत ते कोणाला ठाऊक नव्हतं. बाईचे दिवस भरून उलटले आणि तरी कळा आल्या नाहीत, तर ती गोळी द्यायची. पोटात गेली की थोड्या वेळात कळा सुरू. मूळ काम तिचं एवढंच. पण काम चालतंय म्हटल्यावर लोकांची हौस वाढली. कोणाला मूल अमावस्येच्या आत हवं, कोणाला गुरुवारी हवं, कोणाला मामा परगावाहून यायच्या दिवशीच हवं. शास्त्रीबुवा मुहूर्त काढायचे आणि गोळी द्यायचे. बाईला कोणी काही विचारत नव्हतं. आणि बाईलाही वाटत नव्हतं की यात विचारण्यासारखं काही असतं.

त्या वर्षी मोठं ग्रहण होतं. भर दुपारी सूर्य पुरता झाकणार होता. गोजराचे दिवस त्याच सुमाराला भरत होते. सोनाक्कानं शास्त्रीबुवांना बोलावून घेतलं.

शास्त्रीबुवांनी बोटांवर मोजलं आणि म्हणाले, "ग्रहणाची सावली पडायच्या आत मोकळी झालेली बरी. आदल्या दिवशी गोळी द्या." त्यांनी गोळी चिंधीत बांधून सोनाक्काच्या हातात ठेवली. सोनाक्कानं मान हलवली. सिदबानंही हलवली.

कोपऱ्यात गोजरा कातत होती. ती म्हणाली, "शास्त्रीबुवा, गोळी घेतली न्हाई तर काय हुईल?"

असं म्हणतात की त्या घटकेला घरातला माग थांबला. सिदबाचा पाय खाली दाबलेला होता, तरी थांबला.

शास्त्रीबुवांनी तिच्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. खरं तर त्यांना नवल वाटलं. म्हणाले, "ग्रहणात जन्मलेलं मूल अशक्त निघतं, असं ग्रंथात आहे."

"तुमी बघितलंय?"

"नाही."

"आन् गोळी घेतल्यावर काय हुतं?"

"मूल होतं."

"ते झालं मुलाचं. बाईचं काय हुतं?"

शास्त्रीबुवा म्हणाले, "पोरी, मूल झालं की मी तट्टावर बसतो. पुढचं मला कोणी सांगत नाही आणि मीही कधी विचारलं नाही."

"मग मी पुसून येऊ का?"

"ये विचारून," शास्त्रीबुवा म्हणाले. "आणि मलाही सांग."

ते गेल्यावर सोनाक्कानं घर डोक्यावर घेतलं. "वैद्याला उलटं ईचारतीस? उद्या देवाला ईचारशील, पाऊस का पाडलास! आमी न्हाई का घेतलं गपगुमान?"

गोजरा म्हणाली, "तेच तर पुसायचंय आत्याबाई. तुमी घेतली तवा काय झालं?"

सोनाक्काचा आवाज एकदम खाली आला. "माझं पुसू नगंस," ती म्हणाली आणि चुलीकडे गेली.

दुसऱ्या दिवसापासून गोजरा निघाली. पोट पुढं, हातात चाती, काखेत लोकरीची टोपली. ज्या घरात पोरं होती, त्या घरात गेली. पहिल्यांदा सगळ्या एकच बोलायच्या. "झालं की बाई सुखरूप. त्यात काय सांगायचं?" गोजरा म्हणायची, "बरं." पण उठायची नाही. तिथंच बसून कातायची. सूत ओढताना डोळे सुतावर असतात, समोरच्या बाईच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. मग थोड्या वेळानं ती बाई आपणहून बोलायला लागायची.

एकजण म्हणाली, "माझं दिवस उलटून गेलं हुतं. अंगावर सूज, डोळ्याफुडं अंधारी. त्या गोळीनं मी वाचले. तिला नावं ठेवशील तर माझ्या दारात येऊ नगंस."

दुसरी म्हणाली, "मला मुहूर्तावर दिली. कळा अशा आल्या की एका कळंतनं दुसरी निघायची, मधी श्वास घ्यायला जागा न्हवती. पोरगं झालं, गोड हाय. पर ते कवा झालं मला ठावंच न्हाई. मी तिथं नव्हतेच जणू."

तिसरी हसून म्हणाली, "मला तर आवडली बाई. सकाळी खाल्ली, दुपारी मोकळी. सांजेला भाकऱ्या केल्या."

चौथीला गोळीचं काहीच वाटलं नव्हतं, पण गावच्या भागू सुईणीनं पोटावर गुडघा देऊन दाबलं होतं, ते ती अजून विसरली नव्हती. तिच्याच जावेला तेच दाबणं बरं वाटलं होतं. दोघी एका घरात राहत होत्या आणि एकमेकींचं हे त्यांना गोजरासमोर पहिल्यांदा कळलं. त्या एकमेकींकडे बघत राहिल्या.

असं म्हणतात की गोजरा ज्या दारात बसायची, त्या घरातलं जातं मधेच जड व्हायचं. बाया म्हणायच्या, जातंही ऐकतंय. आता जातं ऐकतं का, हे मी कोण सांगणार? पण दळणारीचा हात थांबला असेल, एवढं मी मानतो.

सगळी घरं झाली. एक राहिलं. गावाबाहेर मेंढवाड्याच्या कडेला साळू राहायची. तिचं एकही मूल जगलं नव्हतं. डोहाळजेवणाला तिला कोणी बोलवत नसे. कोणी गरोदर बाई समोरून आली, तर साळू आपणच वाट सोडून खडकावर चढायची, म्हणजे तिची सावली पडायला नको.

गोजरा तिच्या दाराशी गेली, तेव्हा साळू आत पळाली. "जा माघारी! तुझी सासू मला जिती ठेवायची न्हाई."

गोजरा उंबऱ्यावर बसली आणि कातायला लागली. "साळूमावशी, माझा बाप कोरड्या हिरीच्या मालकाकडं आधी जायचा. मी मातूर तुमच्याकडं शेवटी आले. माझं चुकलं."

टोपलीतली लोकर निम्मी सरली. मग साळू दारामागूनच बोलली. पहिल्या खेपेला घरच्यांना चांगला दिवस साधायचा होता. दिवस भरायला अजून बरेच होते. गोळी दिली. कळा आल्या, पण मूल तयार नव्हतं. "तळहातावर मावंल एवढं हुतं. माझ्याकडं बघितलं त्यानं. मग गेलं." पुढच्या दोन्ही खेपांना गोळी नव्हती, तरी मुलं गेली. लोकांनी ठरवलं, बाईच वाईट पायगुणाची. "मी एकच इचार करत बसते. ती गोळी खाल्ली नसती, तर माझं पयलं पोर जगलं असतं का गं?"

गोजरानं चाती खाली ठेवली. "मला ठावं न्हाई, मावशी," ती म्हणाली.

साळू दारातून बाहेर आली. तिनं गोजराच्या पोटावर हात ठेवला, आधी विचारून. ती म्हणाली, "आजवर सगळी मला सांगत आली, काय झालं आन् कशापायी झालं. ठावं न्हाई म्हणणारी तू पयलीच."

शास्त्रीबुवा कबूल केल्याप्रमाणे परत आले. गोजरानं ऐकलेलं सगळं जसंच्या तसं सांगितलं. चांगलं ते चांगलं, वाईट ते वाईट. साळूचं ऐकताना शास्त्रीबुवांनी डोक्यावरची पगडी काढून मांडीवर ठेवली.

"त्या घरात गोळी मीच दिली होती," ते म्हणाले. "मूल झालं, एवढंच मला कळलं होतं."

मग त्यांनी विचारलं, "आता तुझं काय म्हणणं आहे?"

गोजरा म्हणाली, "ग्रहनासाठी गोळी नगं. माझं पोर त्येच्या येळंनं यील. दिवस उलटून गेलं, अंगाला सूज आली, काय झालं, तर मग मला सांगा. तवा परत बघू."

"तू नको म्हणालीस, म्हणजे मी देणार नाही," शास्त्रीबुवा म्हणाले आणि निघाले.

सोनाक्का सिदबावर तुटून पडली. "तू नवरा हायेस का बुजगावणं? सांग की तिला!"

सिदबानं मागाचा धागा सोडवता सोडवता म्हटलं, "आई, प्वाट तिचं हाय. मी काय सांगू?"

"आन् नातू माझा न्हाई?"

सिदबा धागाच सोडवत राहिला. आणि चिंधीतली गोळी सोनाक्काकडेच राहिली होती, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

ग्रहणाच्या आदल्या दिवशी दुपारी सोनाक्का शेळीचं दूध घेऊन गोजरापाशी आली. दुधात गूळ घातला होता. सोनाक्का कधी एवढी गोड वागायची नाही. म्हणाली, "पी बाई. अंगाला बरं."

गोजरानं वाटी हातात घेतली. ओठाला लावली. मग खाली धरून विचारलं, "आत्याबाई, यात काय हाय?"

एवढंच. संशयानं नाही, जसं सगळं विचारायची तसंच.

आता इथं दोन गोष्टी सांगतात. काही म्हणतात की तो प्रश्न कानावर पडताच दूध वाटीतल्या वाटीत काळं पडलं. काही म्हणतात, दूध पांढरंच होतं, काळा पडला तो सोनाक्काचा चेहरा. कसंही असो, सोनाक्काला खोटं बोलता आलं नाही. तिनं वाटी सुनेच्या हातातून ओढून घेतली, चुलीच्या राखेत ओतली आणि तिथंच जमिनीवर बसली.

"मलाबी असंच दिलं हुतं," ती म्हणाली. "शिऱ्यातनं. ह्या शास्त्र्याचा बाप हुता तवा. माझ्या सासूनं दिलं, मी गोड म्हणून खाल्लं. कुणी सांगितलं न्हाई, कुणी पुसलं न्हाई. सिदबाच्या आधीची गोष्ट हाय. पोर जगलं न्हाई. सिदबाला ठावं न्हाई."

गोजरा तिच्याजवळ सरकली. "पोरगा हुता का पोरगी?"

"पोरगी," सोनाक्का म्हणाली. तिनं पदर तोंडाला लावला. "एवढ्या वर्सात ह्येबी कुणी पुसलं न्हाई गं."

दुसऱ्या दिवशी ग्रहण लागलं. सोनाक्का भीत भीत म्हणाली, "आतल्या खोलीत बसशील का? दार लावून? माझ्या जिवाला बरं वाटंल." गोजरा हसली. "बसते की. खोलीत बसायला माझं काय जातंय?" ती अंधारात बसली. बाहेर भर दुपारी चांदण्या निघाल्या. मेंढरं आपली आपण वाड्याकडे वळली, कोंबड्या झाडावर चढल्या. असं म्हणतात की गोजरानं अंधारात आपल्या पोटालाही विचारलं, तुला कवा यायचंय? आणि आतून एक लाथ बसली. एक लाथ म्हणजे आज नाही, असा तिनं अर्थ लावला. सावली आली तशी गेली. मूल आलं नाही.

पुढं काही दिवसांनी, कोवळं ऊन अंगणात आलेलं असताना, गोजराला आपोआप कळा सुरू झाल्या. भागू सुईण आली. भागूचा हात चांगला होता, पण ती घाईची बाई. दुपारनंतर ती म्हणाली, "लई येळ झाला. आडवी हो, मी वरनं दाबते."

"नगं," गोजरा म्हणाली. "मला उभं ऱ्हाऊ दे. आडवं झाले की जीव जातोय."

भागूनं कपाळाला हात लावला, पण ऐकलं. सिदबाच्या मागाची जाड दोरी आढ्याला बांधली. गोजरा ती धरून उभी राहायची, वाकायची, बसायची. सोनाक्का पाठीमागून तिची कंबर चोळत राहिली. ऊन कलायला लागलं तेव्हा मुलगी झाली. दणकट, काळीसावळी आणि मोठ्या आवाजाची. अंगणात सिदबा रडायलाच लागला.

वार पडली. आणि मग रक्त थांबेना.

भागूनं पोट चोळलं, थंड पाण्याच्या घड्या ठेवल्या. अंथरलेली घोंगडी भिजत चालली. गोजरा पांढरी पडली. कोणीतरी कसब्याला धावलं. शास्त्रीबुवा तट्टावर आले, तेही अर्ध्या वाटेत भेटले, कारण कळा सुरू झाल्याचं त्यांच्या कानावर गेलं होतं आणि ते आपणहूनच निघाले होते. पुरुषानं बाळंतिणीच्या खोलीत जायचं नाही, म्हणून ते अंगणात उभे राहिले. त्यांनी कमरेची पिशवी सोडली आणि उंबऱ्यावरून सोनाक्काच्या तळहातावर एक गोळी ठेवली. तीच काळी गोळी.

"हिनं गर्भाची पिशवी आवळते," ते म्हणाले. "आवळली तर रक्त थांबेल. दिली नाही तर ती राहत नाही. दिली तर राहील असं मला वाटतं. पण शपथ घेऊन नाही सांगू शकत."

"घाला तोंडात!" भागू ओरडली. "दात उघडा तिचं!"

दारात जमलेल्या बायाही ओरडल्या, घाला, घाला.

सोनाक्का गोजराच्या उशाशी होती. ती म्हणाली, "थांबा. तिला पुसायचंय."

"अगं पुसता पुसता जाईल ती!"

"जीभ हलतीया तिची अजून. तवर पुसायचं," सोनाक्का म्हणाली. ती वाकली आणि सुनेच्या कानाशी बोलली. "गोजरे, रगात थांबंना. तीच काळी गोळी हाय. शास्त्रीबुवा म्हणत्यात, हिनं पिशवी आवळती. न्हाई घेतली तर तू जाशील. घेतली तर ऱ्हाशील असं वाटतंय, पर त्येंनी शपथ घेतली न्हाई. काय करू, लेकी?"

असं म्हणतात की त्या वेळी सावरखडीतले सगळे माग थांबले. माळावरची मेंढरं चरायची थांबली. वाहतं रक्तही तिच्या उत्तरासाठी थांबलं, असंही म्हणतात. गोजरानं डोळे उघडले. ओठ हलले. आणि तो आवाज इतका बारीक होता की खोलीतल्या बायांना नीट ऐकू आला नाही, पण लांब मेंढवाड्यात बसलेल्या साळूला मात्र स्पष्ट ऐकू आला.

"हो," गोजरा म्हणाली. "घोटभर पाणी द्या."

सोनाक्कानं गोळी दिली, पाणी पाजलं. गोजरानं गिळली आणि तोंड वाकडं केलं. "कडू हाय," ती म्हणाली. त्यावर भागू सुईण हसली आणि हसता हसता रडली, कारण मरणारं माणूस कडूगोडाची तक्रार करत नाही, हे तिला ठाऊक होतं. थोड्या वेळानं पोट दगडासारखं घट्ट झालं. रक्त कमी झालं. मग थांबलं.

पुढं लोकांनी गोजराला फार छळलं. आधी नको म्हणालीस, मग तीच गोळी खाल्लीस, मग आधी का नको म्हणालीस? ती म्हणायची, "आधी मी धडधाकट हुते, नगं हुती. मग मी मरत हुते, पायजे हुती. दोन्ही बारी मलाच पुसलं, एवढं मातूर बरं झालं."

बारशाला साळू आली. सोनाक्का स्वतः जाऊन तिला घेऊन आली आणि पाळण्याची दोरी आधी तिच्या हातात दिली. काही बाया उठून गेल्या. त्यातल्या काही परत आल्या. शास्त्रीबुवांनी मुहूर्तासाठी गोळी द्यायचं बंद केलं. बाळंतपणाला आले की मुक्कामाला राहायचे आणि महिन्याभरानं परत येऊन विचारायचे, कशी आहेस? कसब्यातले लोक म्हणायला लागले, शास्त्र्याला सावरखडीची हवा लागली.

आणि गोजराला बोलावणी यायला लागली. आधी गावातून, मग वाड्यावस्त्यांवरून, मग ओढ्यापलीकडून. ती बाळंतिणीच्या उशाशी बसायची आणि विचारायची. तुला काय वाटतंय? कुठं दुखतंय? हे असं करायचं म्हणत्यात, करायचं का? सुईण काय सांगते ते बाईला नीट समजावून द्यायची आणि बाई काय म्हणते ते सगळ्यांना मोठ्यानं ऐकवायची. बाई नको म्हणाली तर दाराशी आडवी बसायची. बाई हो म्हणाली तर सुईणीच्या हाताखाली पाणी तापवायची. सगळ्या वाचल्या असं नाही. पण कोणी न विचारता गेली नाही.

एकदा ओढ्याला मोठा लोंढा आला होता आणि पलीकडून बोलावणं होतं. गोजरा काठावर उभी राहिली आणि तिनं पाण्याला विचारलं, "जाऊ का मी पलीकडं?" ओढ्याला आजवर कोणी विचारलं नव्हतं. सगळे आपले पाय घालायचे. तो चक्रावला, थबकला आणि दोन अंगाला सरकला. गोजरा कोरड्या पायांनी गेली, असं म्हणतात.

आणखी एकदा तसाच लोंढा आला. तिनं तसंच विचारलं. त्या वेळी ओढ्यानं मान हलवली, नाही. बरोबरचे म्हणाले, घाल पाय, मागं जाऊ दिलं होतं की! गोजरानं पाय मागं घेतला. म्हणाली, "न्हाई म्हणतोय तो." ती काठावरच बसली आणि तिथूनच हाक मारून पलीकडच्या बाईला विचारू लागली. तिचा आवाज पाण्यावरून गेला, शेतातून गेला, भिंतीतून आत गेला. बाईनं आतून उत्तर दिलं. सुईणीनं तसं केलं. जुळं झालं.

गोजरा खूप म्हातारी झाली. असं म्हणतात की तिला न्यायला यम आला, तेव्हा त्यालाही तिची कीर्ती कळली होती. तो दारात उभा राहिला आणि त्यानं विचारलं, "येतेस का?" जन्मात पहिल्यांदाच त्यानं कोणाला विचारलं होतं. गोजरा म्हणाली, "न्हाई आले तर काय हुईल?" यमाला सांगता येईना. तो विचार करत ओट्यावर बसला. तिनं त्याला पाणी दिलं आणि पुढचं विचारलं. मग त्याच्या पुढचं. ज्वारी कणसात भरेपर्यंत तो तिथं बसून होता. शेवटी तिचं विचारून झालं. तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "चला, येते."

आता वेस पडली. ओढ्यावर पूल झाला. तालुक्याला मोठा दवाखाना आहे, फोन केला की गाडी दारात येते, आणि सावरखडीच्या पोरी बाळंतपणाला तिकडंच जातात. काहींचं ऑपरेशन होतं, काहींचं नाही. तिथल्या नर्सबाईंना सावरखडीची बाई न सांगता ओळखू येते. सुई टोचायच्या आधी ती विचारते, "ही कशाची?" नव्या डॉक्टरांना पहिल्यांदा राग येतो. मग सवय होते. काहीजण तर पुढं आपणहून सांगायला लागतात.

पण जायच्या आधी गावात पुसाईचा दिवस होतो. एखाद्या पोरीला सातवा महिना लागला की सगळ्या बाया तिच्या घरी जमतात. ज्यांची मुलं गेली, त्या पहिल्या रांगेत बसतात आणि आधी त्या बोलतात. मग बाकीच्या. प्रत्येकीनं आपलं घडलं ते घडलं तसं सांगायचं. त्या दिवशी सल्ला द्यायला मनाई आहे. कोणी चुकून म्हणाली की "माझं ऐक, तू आपली असंच कर," तर तिला कोपऱ्यात बसवून टोपलीभर लोकर पिंजायला लावतात. म्हाताऱ्यांना हे फार जड जातं. दरवेळी कोपऱ्यात दोघीतिघी लोकर पिंजत बसलेल्या असतातच, आणि तिथूनही तोंड चालू असतं.

सगळ्यांचं सांगून झालं की ती पोर उठते. हवं ते, हवं तिला विचारते. बाया उत्तरं देतात, ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणतात. मग सगळ्या जेवतात आणि पोरीच्या गालावरून हात फिरवून घरी जातात. ती काय ठरवते, हे मात्र तिला कोणी विचारत नाही.